सगळे एकाच वेळी, एकाच दिशेला

सकाळी सव्वाआठच्या सुमारास डोंबिवलीहून मुंबईकडे निघालेल्या फास्ट लोकलमध्ये चढणं ही अंगमेहनत असते. त्याच वेळी समोरून कल्याणकडे जाणाऱ्या गाडीत बसायला जागा मिळू शकते. या उलट्या गाडीतही काही प्रवासी मुंबईलाच निघालेले असतात. कल्याणला गाडीत आधीच बसून, जागा धरून परत यायचं, हा त्यांचा हिशेब. पश्चिम रेल्वेवर नालासोपाऱ्याचे प्रवासी यासाठी विरारला जातात. संध्याकाळी हे चित्र उलटतं. रूळ, डबे, वीज, मोटरमन सगळं दोन्ही दिशांना सारखंच राबतं. माणसं मात्र एका वेळी एकाच दिशेला असतात.

शहरातलं जगणं सुसह्य करायचं म्हटलं की चर्चा पूल, भुयार, मेट्रो आणि जादा डब्यांवर येते. हे सगळं हवंच आहे. पण गर्दीचं मूळ एका सक्तीत आहे. लाखो माणसांनी एकाच वेळी, एकाच भागात हजर व्हायचं ही ती सक्ती. ती तीन गोष्टींनी घट्ट बांधलेली आहे : कचेऱ्यांची जागा, कचेऱ्यांचं घड्याळ आणि माणसाचं घर. या तीन गाठी जरा सैल केल्या, तर आहे त्याच रुळांवर आणि रस्त्यांवर बराच श्वास मिळू शकतो.

शेवटचे काही प्रवासी

मुंबईच्या उपनगरी रेल्वेने रोज सुमारे ७५ लाख प्रवासी जातात. त्यांच्यासाठी रेल्वेला ‘सुपर डेन्स क्रश लोड’ असा शब्दप्रयोग वापरावा लागला. त्याचा अर्थ, एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ माणसं उभी. घरातल्या एका फरशीवजा चौकोनात इतकी माणसं कशी मावतात, हे लोकलने जाणाऱ्याला समजावून सांगावं लागत नाही.

गर्दी नुसती त्रासदायक नसते. ती गाड्यांची क्षमताच खाते. गर्दीच्या वेळी एका मार्गावर तीन-चार मिनिटांच्या अंतराने गाड्या धावतात. हे अंतर टिकायचं तर प्रत्येक स्थानकावरचा थांबा काही सेकंदांतच आटोपला पाहिजे. दारात उतरणारे आणि चढणारे एकमेकांत अडकले की थांबा लांबतो. मागची गाडी सिग्नलला उभी राहते, तिच्या मागची तिच्याही मागे. दरम्यान पुढच्या फलाटावर माणसं साठत राहतात आणि गाडी पोचते तेव्हा तिथला थांबा आणखी लांबतो. म्हणजे जेव्हा जास्तीत जास्त गाड्यांची गरज असते, नेमक्या तेव्हाच त्या कमी धावू शकतात.

याचीच दुसरी बाजू आशादायक आहे. गाडी ओसंडून वाहत असते तेव्हा सर्वाधिक नुकसान शेवटचे काही प्रवासी करतात. शंभरातले दहा जण जरी तासभर आधी किंवा नंतर गेले, तरी उरलेल्या नव्वदांचा प्रवास दहा टक्क्यांहून बराच जास्त सुधारतो. सगळ्या शहराच्या सवयी बदलायची गरज नाही. थोडी माणसं सरकली तरी पुरतं.

भोंग्याच्या टप्प्यात

ही रचना मुंबईला जन्मापासून चिकटलेली नाही. लालबाग, परळ, शिवडी, नायगाव, डिलाईल रोड या गिरणगावात कामगार गिरणीच्या भोंग्याच्या टप्प्यात राहत असे. चाळीच्या खोलीतून निघून तो पायी खात्यात पोचायचा. शिवाय गिरण्या पाळ्यांमध्ये चालत. एक पाळी सुटायची तेव्हा दुसरी भरायची. त्यामुळे अंतरही कमी होतं आणि माणसांची ये-जा दिवसभरात विभागलेलीही होती.

त्या जगण्याचे गोडवे गायचं कारण नाही. एका खोलीत इतकी माणसं राहत की झोपायलाही पाळ्या लागत. पण कामाची जागा, कामाची वेळ आणि घर यांचं एकमेकांशी असलेलं गणित तिथे जमलेलं होतं, एवढं खरं.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर एकेक गिरणी बंद होत गेली. त्या जमिनींवर लोअर परळ परिसरात काचेच्या कचेऱ्या, मॉल आणि टॉवर उभे राहिले. पाळ्या संपल्या, साडेनऊ-दहाची कचेरी आली. तिथे काम करणारे डोंबिवली, ठाणे, बोरिवली, विरारहून येऊ लागले. परिसर तोच, पण पायी येणाऱ्यांसाठी वाढलेल्या त्या गल्ल्यांवर आणि जिन्यांवर आता रेल्वेने येणाऱ्यांचा लोट पडू लागला. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ जणांचा जीव गेला. पुलाच्या रुंदीबद्दल नंतर पुष्कळ बोललं गेलं. इतक्या कचेऱ्या एकाच भागात, एकाच वेळेला भरू देताना त्या पुलाचा विचार कुणी केला होता का, हा प्रश्न तितकासा विचारला गेला नाही.

वेग वाढतो, वेळ वाचत नाही

इटालियन भौतिकशास्त्रज्ञ चेझारे मार्केट्टी यांनी १९९४ मध्ये एक निरीक्षण मांडलं. वाहतूक-अभ्यासक याकोव्ह झहावी यांच्या कामाचा त्याला आधार होता. माणूस रोजच्या प्रवासाला सरासरी साधारण एक तास देतो आणि काळ बदलला तरी हे प्रमाण फारसं हलत नाही, असं ते निरीक्षण. पायी चालण्याच्या काळात शहरं जेमतेम पाचेक किलोमीटर रुंद असत. घोड्याची ट्राम, रेल्वे, मोटार आल्यावर शहरं पसरत गेली. वेग वाढला, पण वाचलेला वेळ माणसाने जास्त अंतरावर खर्च केला.

मुंबईकराला एक तासाची सरासरी वाचून हसू येईल. इथे एका बाजूचाच प्रवास कित्येकांना दीड-दोन तास पडतो. पण दिशा तीच आहे. फास्ट लोकल आली म्हणून बदलापूर, टिटवाळा, विरार इथलं घर परवडण्याच्या आणि पोचण्याच्या टप्प्यात आलं. २०१३ पासून उपनगरी गाड्या थेट डहाणूपर्यंत जाऊ लागल्या आणि शहराचा ‘जवळपास’ आणखी लांब गेला.

रस्त्यांचंही असंच होतं. अमेरिकन अर्थतज्ज्ञ अँथनी डाऊन्स यांनी १९६२ मध्येच लिहून ठेवलं होतं की महामार्ग रुंद केला तरी गर्दीच्या वेळची कोंडी पुन्हा जुन्या पातळीला येते. दुसऱ्या रस्त्याने जाणारे, वेळ बदलून जाणारे, बस-रेल्वेने जाणारे सगळे नव्या रस्त्यावर येतात. ह्यूस्टनचा केटी फ्रीवे २००८ पर्यंत रुंद करण्यात आला. बाजूचे रस्ते धरून काही ठिकाणी तो २६ पदरी आहे. पुढच्या काही वर्षांतच गर्दीच्या वेळी त्यावरून जायला लागणारा वेळ पुन्हा वाढू लागला. २०११ मध्ये जिल डुरांटन आणि मॅथ्यू टर्नर यांनी अमेरिकी शहरांची आकडेवारी तपासली. रस्त्यांची लांबी ज्या प्रमाणात वाढते, जवळपास त्याच प्रमाणात मोटारींचा प्रवासही वाढतो, असं त्यांना आढळलं.

म्हणून रस्ते आणि रेल्वे बांधूच नयेत, असा अर्थ निघत नाही. रेल्वे भरली तरी तेवढ्याच रुंदीत ती मोटारींच्या रस्त्यापेक्षा कितीतरी जास्त माणसं नेते, आणि ती माणसं कुठेतरी कामाला पोचतात. पण गर्दी कमी होईल ही अपेक्षा नुसत्या बांधकामाकडून ठेवली, तर निराशा ठरलेली आहे.

काम हलवायचं, पण कसं?

कामाचीच जागा बदलावी, हा विचार मुंबईत साठ वर्षांपूर्वी झाला होता. १९६५ मध्ये वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि अभियंता शिरीष पटेल यांनी ‘मार्ग’ नियतकालिकातून एक योजना मांडली. मुंबई उत्तरेकडे लांबत चालली आहे आणि काम मात्र दक्षिण टोकाला आहे. तेव्हा खाडीपलीकडे नवं शहर वसवून तिथे रोजगार न्यावेत, असं ते सांगत होते. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि नवी मुंबईचं काम सुरू झालं.

पण त्याच काळात नरीमन पॉइंटला समुद्रात भर घालून नव्या कचेऱ्यांचे टॉवर उभे राहत होते. मंत्रालय जागेवरून हललं नाही. बेलापूरला कोकण भवन झालं, पण सत्तेचं केंद्र दक्षिण मुंबईतच राहिलं. वाशीपर्यंत रेल्वे पोचायला १९९२ साल उजाडलं. नवी मुंबईत घरं झाली, रोजगार मात्र बराच काळ मागे राहिला, आणि तिथले रहिवासी खाडी ओलांडून रोज मुंबईला जाऊ लागले.

याच नवी मुंबईत यशाचंही एक उदाहरण आहे. मुंबईच्या दाटीतले घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने वाशी-तुर्भ्याच्या आवारात हलवले गेले. कांदा-बटाटा आला, मग मसाले, धान्य, फळं, भाजी. मालाबरोबर माथाडीही आले. सातारा-सांगलीकडून मुंबईत आलेल्या या कामगारांसाठी कोपरखैरणे-घणसोली परिसरात घरं उभी राहिली. बाजार आणि बाजारातल्या माणसाचं घर दोन्ही एकत्र हललं, म्हणून ही बदली टिकली.

पुण्याने दुसरा धडा दिला. हिंजवडीत आयटी पार्क झालं आणि हजारो नोकऱ्या शहराच्या एका कडेला गेल्या. वाकड, बाणेर, बालेवाडीत घरं झाली खरी, पण आत जाणारे रस्ते मोजके आणि सगळ्यांची पोचायची वेळ एकच. त्यामुळे नरीमन पॉइंटची गर्दी हिंजवडीच्या वळणावर नव्याने तयार झाली. शिवाजीनगर-हिंजवडी ही सुमारे २३ किलोमीटरची मेट्रो तिच्यासाठीच हाती घ्यावी लागली. काम शहराबाहेर नेणं वेगळं आणि काम पसरवणं वेगळं. एका टोकावरून उचलून दुसऱ्या टोकाला ठेवल्याने फक्त गर्दीची दिशा बदलते.

घड्याळाची गाठ

कचेरी हलवायला दशकं लागतात. कचेरीची वेळ हलवायला तेवढी वाट पाहावी लागत नाही, आणि इथे जगाने बरेच प्रयोग करून पाहिले आहेत.

सिंगापूरने जून २०१३ मध्ये मध्यवर्ती भागातल्या १६ स्थानकांवर सकाळी पावणेआठच्या आत बाहेर पडणाऱ्याला प्रवास फुकट केला. गर्दीतले सुमारे सात टक्के प्रवासी आधी सरकले. टोकियोने २०१७ मध्ये वेळा बदलून प्रवास करण्याची मोहीम कंपन्यांना सोबत घेऊन काढली. तिथल्या तोझाई मार्गावर तर २०१९ च्या जानेवारीत लवकर येणाऱ्यांची संख्या ठरलेल्या आकड्यापर्यंत गेली, तर सोबा नूडल्स आणि तेंपुरा फुकट, असं आमिष दाखवलं होतं. लंडनने २०२४ च्या वसंतात शुक्रवारी दिवसभर कमी गर्दीच्या वेळचं भाडं लावून पाहिलं. प्रवासी संख्येत लक्षात येण्यासारखा फरक पडला नाही.

सिंगापुरात जमलं आणि लंडनमध्ये नाही, असं का झालं असावं? अर्धा-पाऊण तास लवकर निघणं बऱ्याच जणांच्या हातात असतं. कुठल्या दिवशी कचेरीत यायचं, हे मात्र वरिष्ठ आणि सहकारी ठरवतात. प्रवाशाला जो निर्णय घेताच येत नाही, त्यावर सवलत देऊन उपयोग नसतो. म्हणून वेळेचा प्रश्न रेल्वेइतकाच, किंबहुना जास्त, नोकरी देणाऱ्याचा आहे.

मुंबईत आपण दोन्हीकडून हात आखडता घेतला आहे. लोकलच्या पासाची किंमत वेळ बघत नाही. सकाळी साडेआठला दारात लटकणारा आणि अकराला बसून जाणारा सारखेच पैसे मोजतात. दुसरीकडे मस्टर आहे, लेट मार्क आहे आणि तीन लेट मार्कला एक किरकोळ रजा कापण्याचा अनेक कचेऱ्यांतला रिवाज आहे. पुढची गाडी रिकामी येतेय हे दिसत असूनही माणूस आताच्या गाडीला लोंबकळतो, त्यामागे बऱ्याचदा हा लेट मार्क असतो. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ धावत्या लोकलच्या दारात लटकलेले प्रवासी पडून मृत्युमुखी पडले. त्यानंतर मध्य रेल्वेने शेकडो कचेऱ्यांना वेळा बदलण्याची विनंती केली. पण विनंती ऐकायची की नाही, हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर राहिलं.

कचेऱ्या एकाच वेळेला का भरतात, याला कारणंही आहेत. एकाचं काम दुसऱ्यावर अवलंबून असतं, बँका आणि न्यायालयं ठरावीक वेळी उघडतात, मुलांच्या शाळा असतात. पण दिवसाचे सगळे आठ तास प्रत्येकाने प्रत्येकासमोर असावं लागतं, असं थोड्याच कामांत असतं. अकरा ते चार सगळ्यांनी हजर राहायचं आणि उरलेले तास ज्याने त्याने आधी किंवा नंतर भरायचे, एवढी मोकळीक पुष्कळ ठिकाणी देता येते. सात-साडेसातला येऊन चारला निघणाऱ्या आईला मूल शाळेतून आल्यावर काही वेळात भेटता येतं, आणि तिच्या जागी साडेआठच्या गाडीत कुणाचा तरी पाय टेकतो.

घरून काम : कुणाचं, किती?

करोनाच्या काळाने घरून काम घरोघरी पोचवलं. मग वाद सुरू झाला की घरी काम होतं की आळस. या वादात नीट मोजमाप करणारा एक प्रयोग चीनच्या ट्रिप डॉट कॉम कंपनीत झाला आणि २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आला. स्टॅनफर्डचे अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम त्यात होते. १,६१२ कर्मचाऱ्यांपैकी काहींना आठवड्यातले दोन दिवस घरून काम करू दिलं. कामाच्या मूल्यमापनात आणि पुढच्या दोन वर्षांतल्या बढत्यांत दोन्ही गटांत फरक दिसला नाही. नोकरी सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण मात्र घरून काम करणाऱ्यांत एक तृतीयांशाने कमी झालं. ज्या व्यवस्थापकांना आधी कामावर वाईट परिणाम होईल असं वाटत होतं, त्यांचं मतही प्रयोगाअखेर बदललं.

तेव्हा संगणकावरच्या कामासाठी आठवड्यातून दोन दिवस घरी, ही चैन नाही. पण आपल्याकडे अडचण घराची आहे. वन रूम किचनमध्ये सासू-सासरे, दोन मुलं आणि टीव्ही असताना मीटिंगला बसणार कुठे? यावर उपाय आपल्याच ओळखीचा आहे. महाराष्ट्रातल्या लहानमोठ्या गावांत स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलांसाठी अभ्यासिका चालतात. टेबल, दिवा, पंखा, शांतता आणि महिन्याची माफक फी. कल्याण, डोंबिवली, वसई, विरारच्या पालिकांनी अशाच कामिका प्रभागाप्रभागात काढल्या आणि कंपन्यांनी त्यांची फी भरली, तर कित्येकांना घरापासून दहा मिनिटांवर कामाची जागा मिळेल.

परिचारिका, सफाई कामगार, सुरक्षारक्षक, दुकानातली मुलं, घरकाम करणाऱ्या बायका यांना यातलं काहीच मिळत नाही, हा आक्षेप रास्त आहे. त्यांना जावंच लागतं. पण त्यांच्या डब्यातली दाटी ही ज्यांना जाण्याची गरज नव्हती अशांमुळेही होते. लॅपटॉपवाल्याने घरी राहणं हा रुग्णालयात ड्यूटीला जाणाऱ्या बाईच्या प्रवासाचाही प्रश्न आहे.

घर का हलत नाही?

नोकरी बदलली तर जवळ राहायला जा, असा सल्ला सहज दिला जातो. मुंबईत तो अमलात आणणं कठीण आहे. दक्षिण मुंबईत पागडीची खोली ज्याच्याकडे आहे, तो १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने गोठलेलं भाडं सोडून कुठे जाणार? मालकीचं घर असलं तर विकून दुसरं घेताना मुद्रांक शुल्क आडवं येतं. मुंबईत ते साधारण सहा टक्के आहे. एक कोटीच्या घरावर सहा लाख रुपये फक्त जागा बदलण्याचे. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात सरकारने ते दोन टक्क्यांवर आणलं होतं, तेव्हा दस्तनोंदणीला रांगा लागल्या. शुल्कामुळे किती व्यवहार अडून राहतात, याची ती झलक होती. पहिलं घर विकून कामाच्या जवळचं घर घेणाऱ्याला ही सवलत कायमची देता येईल.

भाड्याने राहायचं तर अकरा महिन्यांचा करार, दर वर्षी दलाली आणि सोसायटीच्या चौकशा. त्यातून नवरा बीकेसीत, बायको ठाण्यात आणि मुलांची शाळा मुलुंडला असेल, तर ‘कामाच्या जवळ’ म्हणजे कुणाच्या कामाच्या? दोघं कमावणाऱ्या घराला एका कचेरीजवळ जाऊन भागत नाही. म्हणूनच काम दोन-तीन टोकांना एकवटण्यापेक्षा मध्यम आकाराच्या अनेक केंद्रांत पसरलेलं बरं. मग कुठूनही कुठे जाण्याचं अंतर आटोक्यात राहतं, आणि गाड्या दोन्ही दिशांना भरून जातात.

पॅरिसमध्ये कार्लोस मोरेनो यांनी २०१६ मध्ये ‘पंधरा मिनिटांचं शहर’ ही कल्पना मांडली. रोजच्या गरजा पंधरा मिनिटांच्या चालीत भागाव्यात, असा तिचा गाभा. आपल्या जुन्या वस्त्यांत वाणी, पिठाची गिरणी, शिंपी, दवाखाना आणि मराठी शाळा आधीपासून पंधरा मिनिटांतच होत्या. एमएमआरडीएच्या २००८ च्या अभ्यासातही मुंबई महानगरातल्या निम्म्याहून जास्त फेऱ्या पायीच होत असल्याचं दिसलं होतं. तरीही पैसा ओतला जातो तो मोटारींच्या पुलांवर. पदपथावर मात्र फेरीवाला, उभी स्कूटर आणि उघडं गटार यांतून वाट काढावी लागते. आपल्याला पंधरा मिनिटांत दोनच गोष्टी हव्या आहेत : धड चालता येईल असा पदपथ आणि शक्य तिथे नोकरी.

पहिलं परिपत्रक

मुंबईच्या भुयारी मेट्रो-३ ची लांबी ३३.५ किलोमीटर आणि खर्च सुमारे ३७ हजार कोटी रुपये. एका किलोमीटरला अकराशे कोटींहून जास्त. हा खर्च आवश्यक होता, असंच मी म्हणेन. पण इतका पैसा घालून जी क्षमता मिळाली, ती सकाळ-संध्याकाळचे दोन-तीन तास तुडुंब आणि बाकी वेळ अर्धी रिकामी राहणार असेल, तर आपण महागडी वस्तू अर्धीच वापरतोय.

कार्यालयीन वेळ बदलायला भुयार खणावं लागत नाही, परिपत्रक काढावं लागतं. राज्य सरकारने २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा लागू केला, तेव्हा वेळ पावणेदहा ते सव्वासहा अशी ठरवून दिली. एका आदेशाने लाखोंचं वेळापत्रक बदलू शकतं, याचा हा पुरावाच आहे. तोच आदेश सगळ्यांना एका वेळेला बोलावण्याऐवजी विभागवार तीन वेळा ठरवू शकला असता. आजही ठरवू शकतो. एका खात्याने साडेआठला, दुसऱ्याने दहाला, तिसऱ्याने साडेअकराला सुरू करावं. पासाचं भाडं गर्दीबाहेरच्या वेळेला कमी करावं. आणि नव्या कचेऱ्यांना परवानगी देताना त्या भागातल्या स्थानकांची क्षमताही मोजावी.

यात खरा अडसर पैशाचा नाही. साहेबाला समोर बसलेला माणूस म्हणजे काम करणारा माणूस असं वाटतं, हा आहे. हजेरीऐवजी झालेलं काम मोजायला शिकणं खासगी कंपन्यांना जितकं अवघड, तितकंच सरकारला. पण राज्यातली सर्वांत मोठी कचेरी सरकारचीच आहे, आणि १९६५ पासून तिने हललं पाहिजे असं तिला सांगितलं जातंय. जागा नाही तर निदान घड्याळ तरी तिने आधी हलवावं. मग बाकीच्यांना सांगण्याचा अधिकार तिला मिळेल.